मदत हवी आहे: 'नेव्हर लेट मी गो' – ही मुलं पळून का जात नाहीत?

मंडळी, आमच्या सिनेमाप्रेमींच्या गटात 'नेव्हर लेट मी गो' (२०१०, दिग्दर्शक मार्क रोमानेक) दाखवायचं ठरलंय आणि नंतरच्या चर्चेला तोंड फोडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सिनेमा पाहिलेल्या किंवा काझुओ इशिगुरोची मूळ कादंबरी वाचलेल्या जाणकारांनी मदत करावी. पुढे सगळी कथा उघड केली आहे, त्यामुळे पाहायचा असेल तर इथूनच मागे फिरा.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: पर्यायी इंग्लंड. १९५२ मध्ये वैद्यकशास्त्राला मोठा शोध लागतो आणि १९६७ पर्यंत सरासरी आयुर्मान शंभरी ओलांडतं. त्याची किंमत मोजतात ती हेलशमसारख्या निवासी शाळांत वाढवलेली क्लोन मुलं. मोठी झाली की एकेक अवयव द्यायचा आणि तिशीच्या आसपास संपून जायचं. कॅथी, टॉमी आणि रूथ ही त्यातलीच तिघं.

पहिला प्रश्न कोण विचारणार ते आत्ताच दिसतंय. "गाडी आहे, रस्ता मोकळा आहे, मग पळत का नाहीत?" 'द आयलंड'मधले (२००५) क्लोन तर धूम ठोकतात!

माझं उत्तर असं आहे, पण ते पुरेसं वाटत नाही. बाहेर म्हणजे काय हेच यांना कधी कळू दिलेलं नाही. चेंडू कुंपणापलीकडे गेला तर कोणी आणायला जात नाही, कारण बाहेर गेलेल्या मुलांचं काय झालं याच्या भयानक गोष्टी ऐकून ती वाढलीत. मोठेपणी समुद्रकाठच्या हॉटेलात जातात तेव्हा काय मागवायचं तेच सुचत नाही. एकजण सॉसेज, अंडी आणि चिप्स सांगतो, की बाकीचे तेच सांगतात. (प्रेक्षक इथे हसतात. मला हसू आलं नाही.) आणि आशा धरतात तीही केवढी? सुटकेची नाही, फक्त मुदतवाढीची. आपलं प्रेम खरं आहे हे सिद्ध केलं तर काही वर्षं जास्त मिळतात, अशी अफवा. टॉमी पुरावा म्हणून आपली चित्रं घेऊन जातो, अर्जाला कागद जोडावेत तशी. मग कळतं, अशी सवलत कधी नव्हतीच.

अडचण दोन ठिकाणी आहे. सिनेमात मुलांच्या मनगटावर पट्टी आहे, येता-जाता ती यंत्राला दाखवावी लागते. कादंबरीत ती नाही. या पट्टीमुळे माझा मुद्दाच कच्चा पडतो ना? पाळत असेल तर न पळण्याचं नवल कसलं!

दुसरं म्हणजे शेवट. आमचं आणि आम्ही ज्यांना वाचवतो त्यांचं आयुष्य खरंच इतकं वेगळं होतं का, असं कॅथी मनाशी म्हणते. माझ्याभोवती सगळे रडत होते आणि मी चिडले होते. मरण सगळ्यांनाच आहे म्हटलं की कापणारे सुटले!

असेच, बंड न होणारे आणखी सिनेमे सुचले तर तेही सांगा.

प्रतिसाद १
पट्टीचा एवढा धसका घेऊ नका. ती तोडायचा प्रयत्न कोणी करतं का? तोडण्याचा विचार तरी? मला ती हजेरीसारखी वाटली. आणि टॉमी गाडीतून उतरून रस्त्यावर किंचाळतो तो प्रसंग विसरू नका. सोसणं वेगळं, पटणं वेगळं. चर्चा तिथूनच सुरू करा.

प्रतिसाद २
शेवटाबद्दल थोडं. ते दिग्दर्शकाचं मत कशावरून? ते कॅथीचं आहे. सुरुवातीचं निवेदन पुन्हा ऐका: वय २८, अवयव देणाऱ्या क्लोनांच्या शुश्रूषेचं काम नऊ वर्षं, आणि आपले रुग्ण अस्वस्थ होत नाहीत याचा तिला अभिमान. म्हणजे लोकांना शांतपणे ऑपरेशन टेबलापर्यंत नेण्यात ती तरबेज आहे. शेवटी ती स्वतःवरही तेच काम करते. तुमची चीड योग्यच आहे, फक्त ती सिनेमावर काढू नका.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. दुसऱ्या प्रतिसादानुसार सुरुवातीचं निवेदन चर्चेआधी पुन्हा ऐकवेन म्हणते. पट्टीचं मात्र अजून पटलेलं नाही, कादंबरी वाचलेल्या कोणीतरी बोला की.