'ज्यू राज्य' की 'ज्यू राष्ट्र'?

अर्धविराम:
इस्राएलच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा अनुवाद करतेय, एका दिवाळी अंकासाठी. पुढे पहिले पंतप्रधान झालेल्या बेन-गुरियननी १४ मे १९४८ ला, शुक्रवारी, शब्बाथ (शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) लागायच्या आत तेल अवीवच्या संग्रहालयात वाचला तो. त्यातलं कळीचं वाक्य मी असं केलं: 'इस्राएलच्या भूमीत ज्यू राज्य स्थापन झाल्याचे आम्ही जाहीर करतो, तेच इस्राएल राज्य.' संपादकांनी दोन्ही ठिकाणी 'राज्य' खोडून 'राष्ट्र' केलं. 'राज्य' वाचलं की लोकांना विधानसभा आणि एसटी आठवते, असं त्यांचं म्हणणं. काय ठेवू?

राज्यशास्त्री:
'राज्य'च ठेवा, अजिबात हलू नका. लोकसंख्या, भूप्रदेश, शासन, सार्वभौमत्व हे राज्याचे चार घटक अकरावीच्या पोरांकडून आम्ही घोकून घेतो. राष्ट्र म्हणजे 'आपण एक आहोत' असं मानणारा समूह. ज्यूंच्या स्वतंत्र राज्याची चळवळ उभी करणारा हर्झल आणि त्याने भरवलेली १८९७ ची बाझल परिषद, ह्यांचा सगळा मुद्दाच हा होता की ज्यू हे राष्ट्र आहेच, त्याला राज्य नाही. १४ मेला 'राष्ट्र' स्थापन झालं म्हणालात तर आदल्या दिवसापर्यंत ते नव्हतं असा अर्थ होतो. जाहीरनाम्याचा अर्धा मजकूर तर ते होतं हेच सांगण्यात खर्ची पडलाय.

पोटमाळा:
सर, हे परीक्षेत ठीक. २९ नोव्हेंबर १९४७ ला पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला, भारत विरोधात होता. ते ३३ कोण? 'सदस्य राष्ट्रे'. कुठे मंजूर झाला? 'संयुक्त राष्ट्रां'त. 'सदस्य राज्ये' असं छापलेलं मी तरी पाहिलेलं नाही. मराठीनं हा फरक कधीच पुसून टाकलाय.

राज्यशास्त्री:
मराठीनं नाही, वृत्तपत्रांनी. आणि त्याच ठरावातल्या 'अरब राज्य आणि ज्यू राज्य' ह्यांचं काय करणार? तिथे 'अरब राष्ट्र' लिहिलंत तर मोरोक्कोपासून इराकपर्यंत सगळे आत येतील.

देशीकार:
दोन्ही पक्षांनी मूळ शब्द पाहिलाय का? हिब्रूत 'मदिना' आहे. हा आपला 'मेदिनी' आहे, पृथ्वी, भूमी. मधुकैटभाच्या मेदापासून झालेली ती. तेव्हा 'देश' लिहा आणि मोकळे व्हा. शिवाय 'ज्यू' हे इंग्रजी उच्छिष्ट कशाला? 'यहुदी' म्हणा.

अर्धविराम:
देशीकारकाका, मैत्रिणीला विचारलं, ती हिब्रू शिकवते. आधी हसली. 'मदिना'त 'दिन' हा धातू आहे, न्याय करणे. धार्मिक न्यायालयाला ते 'बेथ दिन' म्हणतात. जिथवर एकाचा न्याय चालतो तो मुलूख म्हणजे मदिना. बायबलातल्या एस्तेरच्या ग्रंथात इराणी साम्राज्याचे सुभे, ते सगळे 'मदिनोत'च. अरबीत तोच शब्द शहर झाला. म्हणजे जुन्या अर्थानं संपादकांना ज्याची भीती वाटतेय तोच अर्थ निघतो: प्रांत!

देशीकार:
हसायला काही हरकत नाही. मेदिनी आणि मदिना ह्यांत फक्त दोन मात्रा हलल्यात, इतकंच म्हणतो. आणि 'यहुदी' तरी कुठे आपला? तोही अरबी-फारसीतून आला हे मलाही ठाऊक आहे. पण तो मुरलाय.

पोटमाळा:
'ज्यू' मुरायला अजून किती वर्षं द्यायची? :)

राज्यशास्त्री:
खरी गोम 'ज्यू राज्य' की 'ज्यूंचे राज्य' ह्यात आहे. हर्झलच्या १८९६ च्या जर्मन पुस्तिकेचं नाव 'ज्यूंचे राज्य' असंच लावायला हवं, हिब्रू अनुवादातही 'मदिनत हयेहुदिम' आहे. जाहीरनाम्यात मात्र 'मदिना येहुदित'. पहिल्यात राज्य कुणाचं ते कळतं, दुसऱ्यात ते कसं आहे ते. तिथे आजही ह्यावरून डोकी फुटतात. 'ज्यू राष्ट्र' लिहून संपादक ते भांडणच गिळून टाकतायत.

पोटमाळा:
एक गंमत सांगतो. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन ह्यांनी नवं राज्य अस्तित्वात आल्यावर अकरा मिनिटांत मान्यता दिली, त्या टाइप केलेल्या कागदावर 'नवे ज्यू राज्य' असं होतं. नवीन देशाचं नाव तोवर वॉशिंग्टनला ठाऊक नव्हतं. मग पेनानं खोडून 'इस्राएल राज्य' लिहिलं. नाव ठरलंच दोन दिवस आधी. 'यहुदा' आणि 'सियोन' ही दोन्ही चर्चेत होती, पण यहुदाचे डोंगर फाळणीच्या आराखड्यात बहुतेक अरबांकडे जात होते, तेव्हा ते नाव घेऊन काय करणार?

खाडीपलीकडचा:
नाव दोन दिवस आधी ठरलं असेल तिकडे. आमच्या अलिबागेत 'इस्रायल आळी' त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आजीच्या तोंडी 'इस्रायल' म्हणजे देश नव्हे, शेजारी. 'इस्रायलांकडून मलिदा आलाय' असं म्हणायची. 'शनवार तेली' हे आणखी जुनं. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. ज्यू नाही, यहुदी नाही, कोकणातले हे ज्यू स्वतःला बेने इस्रायल म्हणवायचे. पुढे बरेच जण तिकडे गेले आणि आजीची पंचाईत झाली: 'इस्रायल इस्रायलला गेले' म्हणायचं कसं? आणि हो, 'इस्राएल' नव्हे. 'इस्रायल', य.

देशीकार:
बायबलच्या मराठी अनुवादात 'इस्राएल' आहे.

खाडीपलीकडचा:
ते मिशनऱ्यांचं. आळीच्या पाटीवर काय आहे ते येऊन बघा. त्यांच्या देवळालासुद्धा आजी मशीदच म्हणायची, सगळेच म्हणायचे.

पोटमाळा:
मुंबईचं मशीद बंदरही त्यावरूनच म्हणतात ना? सॅम्युएल स्ट्रीटवरचं १७९६ चं, सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेलं.

देशीकार:
पुण्यात ज्यूंच्या तशाच वास्तूला लाल देऊळ म्हणतात. मशीद आणि देऊळ, दोन्ही एकाच धर्माचं! 'प्रार्थनास्थळ' असा सरळ शब्द असताना.

खाडीपलीकडचा:
'प्रार्थनास्थळ' सरकारी पत्रकात. आजी दळण घेऊन निघाली की 'मशिदीवरून जाते' म्हणायची.

अर्धविराम:
अहो, सोमवारी पानं लागतायत. राज्य की राष्ट्र?

देशीकार:
देश.

राज्यशास्त्री:
राज्य. आणि संपादकांचा नंबर द्या.

खाडीपलीकडचा:
आधी 'य'चं ठरवा.