जुना ट्रक घेतला, फॉर्म २२९० (अमेरिकेतील अवजड वाहन कराचा) कुणी भरायचा?

सप्रेम नमस्कार मंडळी,

१० ऑक्टोबरला मी स्टॉकटनमधील एका मालकाकडून जुना स्लीपर ट्रक विकत घेतला, त्याच आठवड्यात विक्रीपत्र दाखवून तो स्वतःच्या नावावर केला आणि एका कंपनीकडे लीजवर लावून वाहतूक सुरू केली. विकणाऱ्याने जून अखेरपर्यंतचा अवजड वाहन कर भरल्याचे सांगून शिक्क्याचे शेड्यूल १, म्हणजे कर भरल्याचा पुरावा, माझ्या हाती दिले आहे. रिकामा ट्रक जेमतेम १८,००० पौंड भरतो आणि कर ५५,००० पौंडांपासून लागतो असे वाचले. मग तो मला लागू होतो का, आणि होत असल्यास कंपनीने भरायचा की मी?

नवा सभासद

---

नमस्कार,

आपल्या मंडळात या धंद्यातील माणसे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मलाही हा फॉर्म एका पंजाबी शेजाऱ्याने शेजारी बसवून शिकवला, म्हणून सविस्तर लिहितो.

येथे वजन म्हणजे नुसत्या ट्रकचे नव्हे. रिकामा ट्रक, त्याला नेहमी जोडला जाणारा रिकामा ट्रेलर आणि नेहमी वाहिला जाणारा जास्तीत जास्त माल यांची बेरीज धरतात. तुमचे १८,०००, ट्रेलरचे १४,००० आणि मालाचे ४५,००० धरले, तरी ७७,००० पौंड होतात. ७५,००० च्या पुढे सर्वांना एकच दर, म्हणजे पूर्ण वर्षाचे (जुलै ते जून) ५५० डॉलर, आणि फॉर्मवर वर्ग ‘व्ही’. ट्रक ज्याच्या नावावर नोंदलेला असतो त्यानेच कर भरायचा असतो, त्यामुळे लीज असली तरी तो तुमच्याकडेच येतो.

विकणाऱ्याचे शेड्यूल १ तुमच्या कामाचे नाही, कारण ते त्याच्या नावाचे आहे. मात्र त्याने कर खरोखर भरलेला असेल, तर विक्रीचा महिना तुमच्या हिशेबातून वगळला जातो. म्हणजे नोव्हेंबर ते जून असे आठ महिने, ३६६.६७ डॉलर. तेवढ्याच रकमेचे क्रेडिट तो मागू शकतो आणि त्यासाठी तुमचे नाव कळवतो, त्यामुळे विक्रीची तारीख दोघांच्या कागदांवर एकच हवी. महिना वगळला तरी मुदत वगळली जात नाही: ट्रक ऑक्टोबरमध्ये रस्त्यावर आला, म्हणून फॉर्म नोव्हेंबर अखेरच्या आत गेला पाहिजे.

सोशल सिक्युरिटी क्रमांक येथे चालत नाही, ईआयएन, म्हणजे धंद्याचा कर क्रमांक, लागतो. तो नवा असल्यास आयआरएसच्या (केंद्रीय करखात्याच्या) यंत्रणेत रुजायला साधारण दोन आठवडे जातात, तेव्हा आजच घ्या, आणि त्याच्या पत्रात नाव जसे छापले आहे तसेच फॉर्मवर घाला. एकाच ट्रकसाठी कागदी फॉर्मही चालतो, पण ई-फाइल केल्यास शिक्क्याचे शेड्यूल १ बहुधा काही मिनिटांत मिळते. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, मात्र ट्रकवरूनच उतरवा. मी एकदा ‘५’ च्या जागी ‘एस’ लिहिला आणि डीएमव्हीच्या (वाहन नोंदणी कार्यालयाच्या) खिडकीवरून परत आलो. दुरुस्तीचा फॉर्म भरावा लागला. कर पुन्हा द्यावा लागला नाही, पण भाड्याचा दिवस गेला. व्हीआयएनमध्ये आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात, म्हणून ‘ओ’ दिसला तर तो शून्यच समजा.

एक जुना सभासद

---

काका, मनःपूर्वक आभार. एकच शंका उरली आहे. इंजिनाच्या कामासाठी ट्रक काही महिने गॅरेजात उभा राहणार आहे. वर्षात ५,००० मैलांच्या आत धावल्यास कर स्थगित होतो ना?

---

होतो, पण फॉर्म तरीही भरावाच लागतो, आणि मैल ट्रकचे मोजतात, मालकाचे नाही. जुलैपासून आधीच्या मालकाने चालवलेले मैलही त्यातच येतात. विक्रीपत्रावरील ओडोमीटरचा आकडा पाहा आणि जुलैच्या सुरुवातीचा आकडा त्याच्याकडून लेखी मागून घ्या.

---

काका, विचारले. त्याच्याच हातून २६,००० मैल झाले आहेत. ईआयएनसाठी आजच अर्ज करतो.