घोडबंदर रोड: मागच्या बेडरूममधील डेस्कटॉपवर वायफाय टिकत नाही

प्रश्न (कासारवडवली, ठाणे)

नमस्कार. टॉवरमधील आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये २०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन असून राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे बसवलेला आहे. हॉलमध्ये काही तक्रार नाही. मात्र मागच्या बेडरूममधील डेस्कटॉपला, ज्याच्या मागील बाजूस बोटाच्या पेराएवढे यूएसबी वायफाय ॲडॉप्टर लावले आहे, जेमतेम २० एमबीपीएस वेग मिळतो आणि मुलीचा ऑनलाइन क्लास चालू असताना कनेक्शन मध्येच तुटते. त्याच टेबलावर मोबाइलला याच्या तिप्पट वेग दिसतो. तपासणीला आलेल्या तंत्रज्ञाने एक्स्टेंडर (राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारे उपकरण) घेण्यास सुचवले आहे. तो घ्यावा, की राउटरच बदलावा?

उत्तर (वाशी)

तूर्त काहीही विकत घेऊ नका. त्याच टेबलावर मोबाइल नीट चालतो, म्हणजे सिग्नल खोलीपर्यंत येतो आहे आणि निदान पहिला दोष डेस्कटॉपकडे आहे. सीपीयूच्या मागे, पत्र्याला चिकटून आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या ॲडॉप्टरच्या इवल्याशा अँटेनाकडून फार अपेक्षा करता येत नाही. त्यातच ते निळ्या यूएसबी ३.० पोर्टमध्ये किंवा त्याच्या शेजारी असेल, आणि तिथे एखादी एक्स्टर्नल हार्ड डिस्क चालू असेल, तर त्या पोर्टमधून निघणारा रेडिओ-गोंगाट नेमका वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो (वायफायचा दुसरा नेहमीचा पट्टा ५ गिगाहर्ट्झचा). मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन ॲडॉप्टर टेबलावर, मोकळ्या जागी आणावे.

त्यानंतर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ॲडॉप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमधील, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाकावी. मधूनमधून तुटण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. लॅपटॉप असल्यास राउटरला थेट केबलने जोडून वेग मोजावा, म्हणजे वायफायचा दोष आणि मूळ कनेक्शनचा दोष वेगळे करता येतील.

उत्तर (ऐरोली)

टॉवरमध्ये शेजाऱ्यांचे राउटरही विचारात घ्यावे लागतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल (त्या पट्ट्यातील उपविभाग) १, ६ आणि ११ एवढेच आहेत. राउटरच्या सेटिंगमध्ये त्यांपैकी कमी गर्दीचा निवडून चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. ४० ठेवल्यास कागदावर वेग वाढतो, प्रत्यक्षात शेजाऱ्यांशी भांडण वाढते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. एक्स्टेन्शन केबल लावल्यापासून कनेक्शन तुटणे थांबले असून वेग ४० च्या आसपास मिळतो. ॲडॉप्टरच्या खोक्यावर केवळ २.४ गिगाहर्ट्झ आणि १५० एमबीपीएस असा उल्लेख आहे. मात्र लॅपटॉप केबलने जोडला असता ९३ च्या वर वेग जातच नाही.

उत्तर (वाशी)

९३ हा आकडा ओळखीचा आहे: ती जोडणी १०० एमबीपीएसवर झालेली आहे. गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) जोडणीला केबलमधील आठही तारा लागतात. एखादी तुटलेली असली किंवा केबल चारच तारांची असली, तर दोन्ही उपकरणे मुकाट्याने १०० वर उतरतात. आधी दुसरी केबल लावून पाहावी. तरीही आकडा हलला नाही, तर राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच १०० चा असेल. राउटरचा तसा निघाल्यास कंपनीकडे राउटर बदलून मागावा. २०० च्या योजनेचे पैसे घेऊन १०० चा पोर्ट देणे योग्य नव्हे.

ॲडॉप्टरवरील १५० हा हवेतील कमाल दर आहे. प्रत्यक्षात त्याच्या निम्मेही मिळाले तरी समाधान मानावे. ५ गिगाहर्ट्झ चालणारे ॲडॉप्टर घेता येईल, पण भिंती पाहून घ्या. घोडबंदर पट्ट्यातील अनेक नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंतीही विटांच्या नसून ओतीव काँक्रीटच्या असतात आणि ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा दोन भिंतींमागे फारच क्षीण होतो. स्वस्त एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे आलेला वेगही अर्धा करतो.

माझ्या मते बेडरूमपर्यंत लॅन केबल नेणे हाच टिकाऊ उपाय आहे. बेडरूममध्ये टीव्हीचा किंवा टेलिफोनचा पॉइंट असेल, तर त्याचा पाइप बहुधा रिकामाच असतो. इलेक्ट्रिशियनकडून त्यातून पूर्ण तांब्याची कॅट ६ केबल ओढून घ्यावी, मात्र विजेच्या तारांच्या पाइपमधून मुळीच नाही. ती थेट डेस्कटॉपला लावल्यास ॲडॉप्टरची गरजच उरत नाही. खोलीत मोबाइललाही वायफाय हवे असल्यास जुना राउटर तिथे ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेले नेट वायफायवर देणारे उपकरण) म्हणून ठेवावा: त्याचा डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करावा, मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर त्याला १९२.१६८.१.२ द्यावा आणि केबल वॅनऐवजी (इंटरनेटची तार लावायच्या पोर्टऐवजी) लॅन पोर्टमध्ये लावावी.