वेग-काल आलेखात रेघ खाली आली म्हणजे बस परत आली का?

लातूर_अकरावी:
नमस्कार, मी अकरावी सायन्सला आहे, लातूरला रूम करून राहतो. वेग-काल आलेख नववीत गतीचे नियम या धड्यात झाला होता, तेव्हा सूत्रं पाठ करून मार्क पडले पण आता टेस्टला दरवेळी चुकायलंय. काल बसचा आलेख आला होता, 20 सेकंदात वेग 0 वरून 10 मीटर प्रति सेकंद, मग 40 सेकंद रेघ आडवी, मग 10 सेकंदात खाली शून्यावर. मी लिहिलं बस मधे 40 सेकंद थांबली आणि शेवटी निघाली तिथंच परत आली. दोन्ही चूक. अन् बसनं कापलेलं अंतर काढायला रेघेखालचं क्षेत्रफळ काढतात, तर उत्तर चौरस मीटरमधे यायला पाहिजे ना, मीटर कसं काय? क्लासमधे एवढी पोरं असतात की उठून विचारायचा धीर होईना.

परभणीचे_सर:
बाळा, तू आलेख अंतराचा समजून वाचायलास, सगळा घोळ तिथंच आहे. आधी उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते बघ. तिथं वेग आहे, म्हणजे रेघेची उंची तुला स्पीडोमीटरचा काटा दाखवते, बस कुठं आहे ते नाही. काटा 36 वर स्थिर (10 मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी 36 किमी) म्हणजे गाडी पळतेच आहे, फक्त त्वरण (वेग बदलायचा दर) शून्य. शेवटी रेघ खाली आली तेव्हा ड्रायव्हरनं ब्रेक मारला, बस पुढंच चालली होती, हळू होत होत थांबली.
रेघेचा उतार म्हणजे वेगातला बदल भागिले वेळ, म्हणजेच त्वरण. सुरुवातीला 10 भागिले 20, म्हणजे 0.5. शेवटी उणे 10 भागिले 10, म्हणजे उणे 1. ब्रेकची रेघ जास्त तिरपी आहे ना, म्हणूनच उभ्यानं चाललेली माणसं निघताना कमी आणि थांबताना जास्त हेलकावतात.

नांदेडची_ताई:
सर बरोबर सांगायलेत, मी क्षेत्रफळाचं सांगते कारण मलाही हाच प्रश्न पडला होता अन् कुणी नीट सांगितलं नव्हतं. ग्राफ पेपर घे. आडवा 1 सेमी म्हणजे 10 सेकंद, उभा 1 सेमी म्हणजे 5 मीटर प्रति सेकंद. आता एक चौकोन म्हणजे किती? 5 गुणिले 10, 50 मीटर. सेकंद सेकंदाला कटले, मीटर राहिला. चौरस मीटर तेव्हा आलं असतं जेव्हा दोन्ही अक्षांवर मीटर असतं. आता रेघेखालचे चौकोन मोज, अर्धेमुर्धे जोडून 11 भरतील, म्हणजे 550 मीटर. त्रिकोण, आयत, त्रिकोण करून बघ, 100 अधिक 400 अधिक 50, तेच येतं. रेघ वाकडी असली तरी चौकोन मोजायची युक्ती चालते, अंदाजे उत्तर येतं.
आणि सुरुवातीलाच वेग असेल तर खाली आयत यूटी (सुरुवातीचा वेग यू गुणिले वेळ टी), वर त्रिकोण अर्धा एटी वर्ग (अर्धं गुणिले त्वरण ए गुणिले टी चा वर्ग), अंतराचं पाठ केलेलं सूत्र इथूनच निघतं!

लातूर_अकरावी:
ताई आत्ताच वहीत मोजले, 11 च भरले!! मग बस परत आली हे आलेखात दिसणारच नाही का?

परभणीचे_सर:
दिसेल की, रेघ अक्षाच्या खाली गेली तर. चेंडू 20 च्या वेगानं सरळ वर फेक, जी (गुरुत्व त्वरण) 10 धर. रेघ 20 वरून सरळ उतरते, 2 सेकंदाला अक्ष ओलांडते, 4 सेकंदाला उणे 20. वरचा त्रिकोण 20 मीटर, खालचा उणे 20. विस्थापन (निघाल्या जागेपासून शेवटी किती सरकला ते) शून्य, चेंडू हातात आला. कापलेलं अंतर मात्र 40, तिथं उणे धरायचं नाही. आणि अक्ष ओलांडताना रेघेचा उतार बदलला का बघ. नाही ना, उणे 10 च आहे. चेंडू सगळ्यात वर पोचतो तिथं वेग शून्य असतो, त्वरण शून्य नसतं, हा प्रश्न हमखास विचारतात. अन् क्लासमधे पुढच्या बाकावर बसून विचारत जा रे, बाकीच्या पोरांनाही तेच अडलेलं असतं.