मदत हवी आहे: दोन ससे एकत्र ठेवले की मारामारी, लवकर उपाय सांगा

मोशीकर
नमस्कार मंडळी. घरी एक पांढरा ससा आहे. त्याला सोबत म्हणून गेल्या आठवड्यात तपकिरी आणला. एकत्र ठेवले की मिनिटभरात जुंपते, घरभर केस. खाणं भरपूर आहे, त्यामुळे खाण्यावरून भांडण नाही. पिंजराही मोठा आहे. गणपतीला गावी जायचंय आणि दोघांना एकाच पिंजऱ्यात न्यायचंय, म्हणजे त्याआधी जमायला हवं. "वेळ द्या, प्रेम द्या" सोडून काहीतरी सांगा.

गवताळ
नर-मादी काय आहेत? वय? नसबंदी? पहिली भेट कुठे घडवली, पांढऱ्याच्याच पिंजऱ्यात का? कुणाला जखम? पिंजरा मोठा म्हणजे किती बाय किती?
एवढं कळल्याशिवाय कुणी उपाय सांगितला तर करू नका. तोवर दोघांना वेगळं ठेवा.

मोशीकर
नर-मादीची जोडी आहे, दुकानदाराने बघून दिली. हो, पांढऱ्याच्याच पिंजऱ्यात ठेवलं, दुसरा कुठून आणू? अडीच बाय दीड फूट आहे. नसबंदी नाही केली, पिल्लं झाली तर होऊ देत की.

शेरूचा_बाबा
इतकं मनावर घेऊ नका. जनावरं आपापसात ठरवतात मोठा कोण ते. दोन दिवस भांडू द्या, मग गप्प बसतील. कुत्र्यांचं असंच असतं.

लेंडीशास्त्री
शेरूच्या बाबांचा सल्ला कृपया कुणीही पाळू नये. हरलेला कुत्रा मान खाली घालतो आणि दुसरा थांबतो. सशांमध्ये हरलेल्याने पळून जायचं असतं. अडीच फुटांच्या पिंजऱ्यात तो पळणार कुठे? मग मागच्या पायांच्या नखांनी पोट फाटतं, कान फाटतात, नरांमध्ये तर वृषणं चावून तोडलेली असतात. सशाची कातडी पातळ असते, ओढताना पदरासारखी फाटते.

मोशीकर, दुकानदाराच्या "बघून दिली"वर जाऊ नका, स्वतः बघा. मांडीवर टॉवेल, सशाची पाठ तुमच्या पोटाला टेकलेली, एक हात बुडाखाली. हवेत उताणा धरू नका, झटका मारला की त्याचाच मणका मोडतो. जननेंद्रियाच्या दोन्ही बाजूंना बोटांनी हलकेच दाबा. गोल तोंडाची नळी वर आली तर नर. उभी चीर दिसली आणि ती गुदद्वाराच्या दिशेने गेलेली असली तर मादी. वृषणं साधारण १०-१२ आठवड्यांनी उतरतात, पण घाबरलेला ससा ती पोटात ओढून घेतो. त्यामुळे "दिसत नाहीत म्हणजे मादी" हा निष्कर्ष काढू नका. अर्धे घोळ तिथेच होतात.

शेरूचा_बाबा
मी आपलं सांगितलं. नाही पटलं तर सोडा.

मोशीकर
बघितलं. दोघेही नर निघाले! पांढरा वर्षाचा असेल, तपकिरी चारेक महिन्यांचा. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो बदलून मादी घेऊन जा. तसंच करू का? म्हणजे एका दिवसात प्रश्न मिटेल.

राणी_सशीण
एका दिवसात मिटेल आणि महिन्याभरात वाढेल. सशाचा गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा. व्याल्यानंतर मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. दुकानात नर-मादी एकत्र असतात, त्यामुळे आणलेली मादी आधीच गाभण असण्याची शक्यता भरपूर. "पिल्लं झाली तर होऊ देत" हे एका वेळच्या सहा-सात पिल्लांबद्दल बोलताय, आणि तीही तीन-चार महिन्यांत वयात येतात.
शिवाय नसबंदी न झालेली मादी बरेचदा नरापेक्षा जास्त आक्रमक असते, स्वतःच्या जागेबद्दल तर फारच.

गवताळ
जखमेचं उत्तर अजून आलं नाही.

मोशीकर
तपकिऱ्याच्या मानेवर बारीकसं भोक आहे. रक्त थांबलंय. हळद लावली. घरात माझ्या खोकल्याच्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या उरल्यात, त्यातली पाव देऊ का?

प्राण्यांचा_डॉक्टर
नाही! सशाला अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन तोंडावाटे देऊ नका. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू वाढतात आणि ससा काही दिवसांत दगावू शकतो. कुत्र्याच्या मानेवर टाकायचं गोचिडाचं फिप्रोनिलवालं औषधही सशाला विषारी आहे, तेही हाताशी असेल तर लांब ठेवा.

बारीक भोक हीच काळजीची गोष्ट. दाताची जखम वरून लगेच मिटते आणि आत गळू होतो. सशाचा पू टूथपेस्टसारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही, बरेचदा गळू शस्त्रक्रियेने पिशवीसकट काढावा लागतो. हळद पुसून टाका, सलाईनने धुवा, भोकाभोवतीचे केस कापा म्हणजे नजर ठेवता येईल. आणि उद्याच सशांची सवय असलेल्या डॉक्टरकडे न्या. आज रात्रभर बघा: खातोय का, लेंड्या पडताहेत का. १०-१२ तास काहीच खाल्लं नाही तर सकाळची वाट पाहू नका, पोट बंद पडलेलं असू शकतं.

चहा_बिस्कीट
माझा ससा गाजर खातच नाही. आजारी असेल का?

लेंडीशास्त्री
नाही. गाजर साखर आहे, न खाल्लेलं बरं. पाला द्या. वेगळा धागा काढा.

मोशीकर
ठीक, उद्या नेतो. पण मूळ प्रश्न राहिलाच. दोन नर एकत्र राहूच शकत नाहीत का? तसं असेल तर सरळ सांगा.

गवताळ
राहू शकतात, पण दोघांची नसबंदी झाल्यावरच, आणि तरीही नर-मादीच्या जोडीपेक्षा अवघड. नुसत्या एकाची करून उपयोग नाही.

प्राण्यांचा_डॉक्टर
नसबंदीबद्दल डॉक्टरला विचारण्यासारखे प्रश्न देतो, उत्तरांवरून माणूस कळतो. "आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा" म्हणाले तर दुसरा डॉक्टर बघा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे उपाशी ठेवण्याची गरज नाही, उलट पोट बंद पडायचा धोका. भूल कोणती देता, हे विचारा, आयसोफ्लुरेन (हुंगवायचा भुलीचा वायू) असेल तर उत्तम. वेदनाशामक घरी किती दिवस देणार, हेही विचारा. सशाची इंग्वायनल नळी (जांघेतली, जिच्यातून वृषणं पोटात ओढली जातात ती) उघडी असते, ती बंद करता का, असं विचारलंत तर डॉक्टर एकदा तुमच्याकडे बघतील, पण विचारा. घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत स्वतःहून काहीतरी कुरतडलं पाहिजे.

नसबंदीनंतर हॉर्मोन उतरायला ४ ते ६ आठवडे लागतात. तेवढा काळ नर पिल्लं देऊ शकतो. तोवर ओळख-बिळख काही नाही, फक्त शेजार.

वाटसरू२२
एवढं सगळं कशाला? दोघांना एका टोपलीत घाला आणि गाडीतून अर्धा तास फिरवा, खड्ड्यांचा रस्ता बघून. भीतीने एकमेकांना चिकटतात. लगेच दोस्ती. परदेशात सर्रास करतात.

राणी_सशीण
चिकटतात ते मैत्रीने नाही, भीतीने. गाडी थांबली, घरी आले, भीती संपली की पुन्हा तेच. काहींमध्ये तर उलटं होतं: घाबरलेला ससा शेजारी असेल त्यालाच चावतो. त्यात एक आधीच जखमी. भीतीने पोट बंद पडलं तर दोस्ती राहिली बाजूला.

वाटसरू२२
सगळ्यांचं तसं होत नाही. कडकपणे "चूक" म्हणायची गरज नाही. फार अडलेल्या जोडीत पाच मिनिटं उपयोग होतो.

राणी_सशीण
फार अडलेल्या जोडीत, अनुभवी माणसाच्या हाताखाली. पहिल्या आठवड्यात, नसबंदी न झालेल्या दोन नरांवर नाही.

गवताळ
नीट लिहितो, कारण हा प्रश्न पुन्हा येणार.

शेजार म्हणजे: दोन वेगळ्या जागा, मध्ये जाळी, पण दोन जाळ्या. त्यांच्यात किमान चार इंच अंतर. एकच जाळी ठेवली की नाक आत घालतात आणि समोरचा नाकाचा शेंडाच उडवतो. दोघांचं खाणं जाळीच्या कडेला, म्हणजे समोरचा दिसतो तेव्हा काहीतरी चांगलं मिळतं. दोन दिवसांनी जागा अदलाबदल करा, लेंड्यांचा ट्रेही. सुरुवातीला दुसऱ्याच्या वासावर मुतणार, ते होऊ द्या. जाळीपाशी धावून येणं, शेपटी उंच करून फेऱ्या मारणं थांबलं आणि दोघे जाळीला पाठ लावून पसरू लागले की पुढची पायरी. कधीकधी महिना जातो. जखमी असताना हे नको, आधी भोक भरू दे.

भेट अशा जागी जिथे दोघांपैकी कुणीही कधी गेलेलं नाही. पांढऱ्याचा हॉल नाही. बहुतेक घरांत बाथरूम किंवा बंद गॅलरी उरते. फिनाईलचा वास राहता कामा नये, साध्या पाण्याने धुऊन वाळवा. फरशीवर पाय घसरला की ससा घाबरतो आणि घाबरला की चावतो, म्हणून खाली जुनी सतरंजी किंवा योगा मॅट. एक-दोन खोकी, प्रत्येकाला दोन दारं कापलेली. एकाच दाराच्या खोक्यात अडकला की मार खातो. सुक्या गवताचा ढीग मध्ये.

हाताशी काय? जाड हातमोजे, टॉवेल आणि केर भरायची प्लास्टिकची सुपली. भांडण जुंपलं की सुपली दोघांच्या मध्ये घालायची, हात नाही. सशाला नाकासमोरचं दिसत नाही, समोरून आलेला हात थेट चावला जातो. गुंतलेले असतील तर ओढून सोडवू नका, टॉवेल टाका.

लेंडीशास्त्री
एक दुरुस्ती. बाथरूम बरेचदा फार लहान पडतं. पळायला जागा हवी, नाहीतर कोपऱ्यात कोंडला जातो.

गवताळ
लहान जागेत लक्ष ठेवता येतं. मोठ्या जागेत पाठलाग सुरू झाला की तुम्ही पोहोचेपर्यंत उशीर. चार बाय चार फूट मला पुरेसं वाटतं.

लेंडीशास्त्री
मला सहा बाय सहा. दोन नर असतील तर त्याहून कमी नाही. यावर आपलं जमणार नाही, राहू द्या.

राणी_सशीण
काय बघायचं ते मी लिहिते. वर चढणं चालतं, नसबंदी झाल्यावरही करतात. खालचा शांत असेल तर दहा-पंधरा सेकंदांनी अलगद खाली उतरवा. पण चढणारा डोक्याच्या बाजूने उलटा चढला तर त्याच क्षणी बाजूला करा, कारण खालच्याच्या तोंडासमोर नेमकं काय येतं ते सांगायला नको. एकमेकांकडे दुर्लक्ष करून दोघांनी अंग चाटत बसणं, गवत खात बसणं ही चांगली खूण आहे, लोकांना वाटतं काहीच घडत नाहीये. एकाने डोकं जमिनीला टेकवून दुसऱ्यासमोर धरलं की तो "मला चाट" म्हणतोय. समोरच्याने चाटलं तर निम्मं काम झालं. नाही चाटलं आणि पहिल्याने चिडून हलकं टोचलं तर घाबरू नका.

भेट थांबवायची केव्हा: कान मागे चिकटलेले, शेपटी ताठ वर, दोघे एकमेकांच्या शेपटीमागे गोल फिरतात. गोल फिरणं वाढलं की पुढच्या दोन-तीन सेकंदांत गाठ पडते.

पाच-दहा मिनिटांनी सुरुवात, रोज. सगळं शांत असतानाच संपवा, भांडण झाल्यावर संपवलं तर शेवटची आठवण भांडणाची. हळूहळू अर्धा तास, मग काही तास. सलग दोन दिवस-रात्री तुमच्या नजरेखाली पाठलाग झाला नाही, एकमेकांना टेकून झोपले, तर कायमचे एकत्र. कायमची जागाही व्हिनेगरच्या पाण्याने पुसून, सामान हलवून द्या, म्हणजे पांढऱ्याला ती आपली वाटणार नाही. अडीच बाय दीडच्या पिंजऱ्यात हे टिकणार नाही. ब्रिटनमधल्या रॅबिट वेल्फेअर असोसिएशनची शिफारस दोन सशांना ३ मीटर बाय २ मीटर, उंची १ मीटर. फ्लॅटमध्ये खोलीचा कोपरा जाळीच्या पॅनेलने अडवला की बऱ्यापैकी जमतं.

कोकणी_काजू
आमच्या रानात ससे असतात, त्यातला एक सोबत ठेवला तर? रानटी म्हणजे तब्येतीला दणकट.

प्राण्यांचा_डॉक्टर
रानातला ससा वेगळी जात आहे, त्याची आणि पाळीव सशाची जोडी जमत नाही, पिल्लंही होत नाहीत. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याला पकडणं, पाळणं गुन्हा आहे. रानातच राहू द्या.

मोशीकर
एवढं वाचून कळलं की गणपतीपर्यंत काही होत नाही. मग गावी कसं नेऊ? पहिल्यांदाच विचारलेलं हेच होतं खरं तर.

गवताळ
दोन वेगळे कॅरिअर (प्रवासाचे छोटे पिंजरे), शेजारी ठेवायचे, एकमेकांचं तोंड दिसेल पण पोहोचणार नाही असे. प्रत्येकात सुकं गवत आणि ओलसर कोथिंबीर, पाणी बाटलीतून सांडतं म्हणून थांबल्यावर वाटीत. गाडीत एसी चालू ठेवा, झोत सरळ अंगावर नको. एसटीच्या टपावर किंवा डिकीत अजिबात नाही. ३० अंशांच्या वर गेलं की सशाला उष्माघात होऊ शकतो, कारण घाम येत नाही, मुख्यतः कानांवाटे उष्णता जाते. फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली कडेला ठेवा. गावी हरळी मिळेल ती चालेल, फवारणीच्या बांधावरची नको.
किंवा घरीच ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ कुणाला तरी यायला सांगा. मला हेच बरं वाटतं, जखम आहे म्हणून.

मोशीकर
डॉक्टरकडून आलो. गळू सुरू झालाच होता, बारका होता म्हणून साफ केला, इंजेक्शन आणि मेलॉक्सिकॅम (वेदनाशामक) दिलंय. नसबंदी दोघांची दिवाळीनंतर करू म्हणाले, उपाशी ठेवायचं नाही हेही त्यांनीच सांगितलं. ससे गावी नेत नाही, वरच्या काकू येणार आहेत. जाळीची पॅनेल मागवलीत. ती सुपली प्लास्टिकची म्हणालात, लोखंडी आहे घरात, चालेल?

लेंडीशास्त्री
नको. कडा धारदार असते, दातही दुखावतो. शक्यतो रुंद, प्लास्टिकची घ्या. आणि इथून पुढे डॉक्टरकडे एकाला न्यायचं असलं तरी दोघांना न्या, जोडी जमल्यानंतर सुद्धा. एकटा दवाखान्याचा वास घेऊन परत आला की दुसरा त्याला ओळखत नाही आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

चहा_बिस्कीट
माझ्या सशाचं मूत्र लालसर येतंय, गाजर खात नाही त्यामुळे का?

प्राण्यांचा_डॉक्टर
बीट, पालेभाजी किंवा मूत्रातलं नैसर्गिक रंगद्रव्य यामुळे नारिंगी-लाल दिसतं. मूत्र सगळं एकसारखं लाल आहे की मध्येच गुठळी किंवा थेंब दिसतो? मादी आहे का आणि वय किती? लिहा, पण वेगळ्या धाग्यात.