मदत हवी आहे: प्लगचा गॅप किती ठेवायचा? गाडी मिसिंग मारतेय

भाजी_टेम्पो
तातडीने सांगा. वाशी मार्केटातून माल भरून निघालो की पवईच्या चढावर गाडी झटके देते, पिकअप घेत नाही. रिकामी असली की एकदम मस्त. नवे स्पार्क प्लग आणलेत, फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) आहे. ठिणगी उडते तो टोकांमधला गॅप किती ठेवू? रात्री गाडी मार्केटात लागायची आहे.

दादरचा_मामा
०.८ मिमी ठेवा. माझ्या गाडीला कायम तेवढाच असतो, कधी त्रास नाही.

भांडुप_गॅरेज
मामा, गाडी कुठली ते तरी विचारा आधी. भाऊ, पेट्रोल की सीएनजी? प्लग साधे की इरिडियम (बारीक टोकाचे)? चेक लाइट लागते का?

हायवे_किंग
ट्रकला कुठला आलाय स्पार्क प्लग? तो ग्लो प्लग असेल. त्याला गॅप नसतो, फक्त तापतो. रिले तपासा, माझ्या गाडीचा रिलेच गेला होता.

भांडुप_गॅरेज
ते डिझेलचं झालं. सीएनजी इंजिनाला ठिणगी लागतेच.

भाजी_टेम्पो
सीएनजीच आहे, १४ फुटी, बीएस ६, कंपनी फिटेड. प्लग इरिडियम, प्रत्येकावर ठिणगीचं व्होल्टेज देणारी वेगळी कॉइल. लाइट मधेच लागते नि जाते. आता आकडा सांगा ना कोणीतरी.

भांडुप_गॅरेज
आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे, माझ्या डोक्यात नाही. एकाच कंपनीच्या दोन इंजिनांचेही आकडे वेगळे असतात. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून गॅप सहसा कमी ठेवतात. त्यात माल भरून चढावर दाबलं की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी उडणं आणखी अवघड होतं. गॅप झिजून वाढलेला असेल तर तिथेच मिसिंग येणार. रिकाम्या गाडीत कळणारच नाही.

दादरचा_मामा
इरिडियमची नाटकं कशाला? साधे प्लग टाका, दर महिन्याला पॉलिश पेपर मारा, गॅप घ्या, झालं.

रिटायर्ड_फिटर
मामा, असा सल्ला देऊ नका. पॉलिश पेपर इरिडियमला लावायचाच नाही. मधलं टोक ०.४ ते ०.६ मिमी जाडीचं असतं, पट्टी घुसवून त्याच्यावर जोर दिला की तुटलं. नाण्यासारखं गोल गेजही वापरू नका. तारेच्या गेजने नुसतं मापायचं. फरक असेल तर वरचा वाकडा इलेक्ट्रोड तेवढा हळूच हलवायचा, मधल्याला हात नाही. आणि खोक्यावर 'गॅप सेट' लिहिलं असलं तरी मापाच, खोकं पडलं की गॅप दबतो.

हायवे_किंग
सीएनजीचं सोडा, पंपावरच्या रांगेतच अर्धा दिवस जातो. डिझेल बरं होतं.

मुलुंड_ट्रान्सपोर्ट
रात्री दोननंतर जा, रांग कमी असते.

रिटायर्ड_फिटर
विषय प्लगचा आहे, मंडळी. भाजी_टेम्पो, इंजिन गार झाल्यावरच काढा, हेड अॅल्युमिनियमचं असेल तर गरम असताना आटे जातात. आधी प्लगच्या खड्ड्यात हवा मारा, नाहीतर माती सिलिंडरमध्ये पडेल. आणि कॉइलचे बूट (प्लगवर बसणारी रबरी नळी) उलटेपालटे करून नीट बघा.

भाजी_टेम्पो
काढले. तीन जुन्यांचा गॅप थोडासाच वाढलाय. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगला पांढऱ्या भागावर वरपासून खालपर्यंत पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ आहे. त्याच्या बुटाला आतून बारीक चीर.

भांडुप_गॅरेज
मिळालं! ठिणगी गॅपमध्ये उडायची सोडून त्या रेघेवरून हेडला उतरतेय. नुसता प्लग बदलला तर जुना बूट नव्या प्लगवरही तीच रेघ पाडेल. प्लग आणि बूट दोन्ही बदला. त्यानंतरही लाइट लागली तर तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावून स्कॅनरवर बघा. मिसिंग पहिल्यावर आलं तर कॉइल गेलीय.

रिटायर्ड_फिटर
बसवताना आटे हाताने लावा, मग मॅन्युअलच्या आकड्याला टॉर्क रेंच. टेपर बैठकीचा (वॉशर नसलेला, निमुळत्या बैठकीचा) प्लग असेल तर टेकल्यावर १/१६ फेरा पुरे, वॉशरवाल्यासारखा आवळू नका.

भाजी_टेम्पो
बूट सुटा कुठे मिळेल? शोरूममध्ये पूर्ण कॉइलच घ्या म्हणतात.

मुलुंड_ट्रान्सपोर्ट
ऑपेरा हाऊसला स्पेअरच्या दुकानांत विचारा, सकाळी लवकर. जुना बूट आणि कॉइलवरचा पार्ट नंबर घेऊन जा, वापरलेला गळ्यात मारला तर घेऊ नका. आज रात्री माल दुसऱ्या गाडीतून पाठवा.