लग्नाच्या कामाला कॅननचा आर ५० चालेल का? स्वस्त कॅमेऱ्यात कंपनी नक्की काय कमी करते?

विटेकर_क्लिक (विटा, जि. सांगली)
नमस्कार मंडळी. मामांचा विट्यात फोटो स्टुडिओ आहे, मी त्यांच्या हाताखाली काम करतो. त्यांच्याकडे कॅननचा फाइव्ह डी मार्क थ्री आहे, सोबत २४-७० आणि ७०-२०० मिलिमीटरच्या झूम लेन्स. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होईल, त्याआधी मला स्वतःची बॉडी (लेन्सशिवाय नुसता कॅमेरा) घ्यायची आहे. दुकानदार म्हणतो, आता आर ५० घे, पुढं वरचा घेशील. आर ५० पण २४ मेगापिक्सेल, त्याहून महाग आर ८ पण २४, डोळ्यावर फोकस दोघेही धरतात. मग जास्तीचे पैसे कशाचे?

मिरज_रील
मी आर ५० च वापरतो. गणपतीत ढोलपथकांच्या रील केल्या, वजनाला हलका, फोर-के मस्त येतं. बिनधास्त घे.

अजिंक्यतारा_७०_२०० (सातारा)
मिरजकरांचं रीलपुरतं बरोबर आहे. लग्नाचा हिशेब वेगळा.

आर ८ आणि आर ६ मार्क टू शेजारी ठेवून बघ. दोघांचा सेन्सर एकच, फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मएवढा मोठा (आर ५० चा लहान, त्याला एपीएस-सी म्हणतात). पण आर ८ ला कार्डाचा स्लॉट एकच, बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) नाही, बॅटरी आर ५० मधलीच छोटी. फोटोत फरक दिसणार नाही अशा जागी कात्री लावली आहे. छंदवाला दुसऱ्या स्लॉटसाठी पैसे मोजत नाही, पोटासाठी काम करणारा मोजतो, हे कंपनीला पक्कं ठाऊक आहे. अंतरपाट बाजूला होतो तो क्षण परत मिळत नाही. तो एकाच कार्डाच्या भरवशावर ठेवायचा?

निकॉननं कात्री दुसरीकडं लावली. २०२० च्या झेड ५ ला, त्यांच्या त्या वेळच्या सगळ्यात स्वस्त फुल फ्रेम मिररलेसला (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याला), दोन स्लॉट आणि स्टॅबिलायझेशन दिलं, पण वेग सेकंदाला साडेचार फ्रेमचा आणि फोर-के व्हिडिओ कडा कापून (क्रॉप करून). म्हणून जाहिरातीत काय लिहिलंय ते नंतर वाच, काय काढलंय ते आधी शोध.

'पुढं वरचा घेशील' हा सल्ला जुन्या काळातला आहे. २००३ मध्ये कॅननचा ३००डी हजार डॉलरच्या आत आला, तेव्हापासून माझ्या मते कंपन्यांचं गणित हेच: गिऱ्हाईक एकदा माउंटला (लेन्स बसवायच्या खाचेला) बांधलं, की लेन्स घेत घेत वर चढतं. नंतर मोबाइल आला. जपानी उत्पादकांच्या आकड्यांत २०१० या एका वर्षात १२ कोटींवर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, २०२० मध्ये ९० लाखांच्या आत. पायाच खचल्यावर सगळ्यांनी मोर्चा महागड्या बॉड्यांकडं वळवला. स्वस्तातले अजून निघतात, पण २०२३ च्या आर १०० ला तर टचस्क्रीनसुद्धा दिला नाही.

आता तुझं. आर ५० च्या किट लेन्सचं (सोबत मिळणाऱ्या लेन्सचं) अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, झूमवर ६.३ इतकं बारीक; कार्यालयातल्या पिवळ्या उजेडात आयएसओ कुठल्या कुठं जाईल आणि फोटोत दाणे येतील. मामांची २४-७० अॅडॉप्टरनं (जोडकड्यानं) लावलीस तर लहान सेन्सरच्या १.६ पट क्रॉपमुळं ती साधारण ३८ पासून सुरू झाल्यासारखी होते, फ्रेममध्ये कमी मावतं, आणि स्टेजसमोर मागं सरकायला जागा कुठं असते? सिग्मानं २०२४ मध्ये कॅननच्या या नव्या आरएफ माउंटसाठी १८-५० एफ २.८ काढली, ती चांगली आहे. पण ती एपीएस-सीची, फुल फ्रेमवर गेलास की तिचा पुरता उपयोग नाही.

माझं मत विचारशील तर वापरलेला आर ६ बघ, २०२० चा पहिला. २० मेगापिक्सेलच आहे, अल्बमला भरपूर होतात. दोन स्लॉट, स्टॅबिलायझेशन, आणि मामांच्या मार्क थ्रीच्या बॅटऱ्या त्यात चालतात.

विटेकर_क्लिक
दादा, बॅटरीचं माहीतच नव्हतं. मामा म्हणाले, लेन्स बिनधास्त वापर. पण अॅडॉप्टरनं फोकस संथ होतो का?

अजिंक्यतारा_७०_२००
कॅननच्याच ईएफ (मामांच्या कॅमेऱ्याच्या जुन्या माउंटच्या) लेन्सना नाही. अॅडॉप्टरमध्ये काच नसते, नुसतं अंतर आणि संपर्काच्या पिना. साधाच घे, कंट्रोल रिंगवाला (सेटिंग बदलायची जादा रिंग असलेला) नको. आणि बॉडी घेताना मूळ बिल माग, दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून तिथंच फोटो काढून बघ.